भागूबाईंनी टॅबला सांगितलेलं खरं

माणसाला माणसाचा हेवा वाटतो, हे कुणालाही समजेल. मला नोकरीच्या शेवटच्या वर्षांत एका टॅबचा हेवा वाटत होता. शाळेच्या पाटीएवढा, काळ्या रबरी कव्हरातला, रोज सकाळी चार्जिंगला लावावा लागणारा टॅब. तो कुणाला चहा विचारत नसे, कुणाच्या नातवाची चौकशी करत नसे, आणि तरीही माझी माणसं त्याच्यापुढे जाऊन मन मोकळं करून येत. माझ्यापुढे मात्र ‘बरं हाय बाई’ म्हणून उठत. हे मी आता शांतपणे लिहितेय. तेव्हा शांत नव्हते, आणि त्यामुळे एका बाईचा जीव जायची वेळ आली होती.

मी नगरला एका छातीच्या दवाखान्यात होते. डॉक्टर नाही, नर्सही नाही. पगारपत्रकावर ‘रुग्ण समन्वयक’ असं भारदस्त नाव होतं, पण पेशंट मला ‘प्रश्नवाल्या बाई’ म्हणत, आणि तेच नाव खरं होतं. डॉक्टरांकडे जाण्याआधी दम्याचा प्रत्येक पेशंट माझ्या टेबलाशी येई आणि मी त्याला पाच प्रश्न विचारी. एवढंच काम. पण ते एवढंच नसतं, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं.

दम्याची एक अडचण आहे. ताप असला तर थर्मामीटर सांगतो, साखर वाढली तर बोटातल्या रक्तातून कळते. दम्याचा माणूस मात्र डॉक्टरांपुढे बसतो तेव्हा बरेचदा ठीकच असतो. फुंकायचं मशीन असतं, पण ते आजचं सांगतं. मागच्या मंगळवारी पहाटे तो खिडकीचा गज धरून उभा होता, हे छातीला नळी लावून ऐकू येत नाही. ते विचारावंच लागतं. म्हणून ते पाच प्रश्न. गेल्या चार आठवड्यांत दम्यामुळे कामात किती अडथळा आला, धाप किती वेळा लागली, रात्री किती वेळा जाग आली, तातडीचा पंप किती वेळा घ्यावा लागला, आणि तुम्हाला स्वतःला काय वाटतं, दमा ताब्यात आहे का. प्रत्येक उत्तराला एक ते पाच गुण. पंचवीसपैकी पंचवीस म्हणजे उत्तम, विसाच्या खाली गेलं की डॉक्टरांनी औषधांचा नव्याने विचार करायचा. ज्यांना धुळीची, गाजरगवताची ॲलर्जी असे त्यांना नाकाचे, शिंकांचे आणखी काही प्रश्न.

कागदावर हे सोपं दिसतं. पहिल्याच महिन्यात मी एका शेतकऱ्याला विचारलं, “आठवड्यातून पंप किती वेळा घ्यावा लागतो?”

तो म्हणाला, “ते कांद्यावर हाय. थ्रिप्सची कीड असली तर आठवड्याला एक, न्हाई तर पंधरा दिवसाला.”

“मी तुमच्या छातीचं विचारतेय.”

“छातीला कशाला? फवारायचा पंप पाठीवर असतो.”

तेव्हापासून मी ‘तोंडात मारायचा निळा पंप’ म्हणू लागले. तसंच चार आठवड्यांचं. चार आठवडे असं कुणाच्या डोक्यात नसतं. बाजाराचा वार असतो. मग मी म्हणे, मागच्या चार बाजारांपासून आठवा. म्हातारी माणसं बोटांवर मोजत मागे जात आणि बरोबर चौथ्या बाजाराला जाऊन थांबत. ‘धाप’ म्हटलं तर कुणी नाही म्हणे, ‘दम भरतो का’ म्हटलं की तोच माणूस हो म्हणे. कुणाला घरघर, कुणाला छातीत सुईंसुईं, कुणाला नुसतं ‘भरून येतं’. हे सगळे शब्द मी एका वहीत लिहून ठेवले होते. कुणी मागितली तरी ती वही मी देत नसे.

माझं वाचनही चांगलं होतं. आमचं घर ख्रिस्ती, वडील शाळामास्तर. लहानपणापासून रविवारी चर्चमध्ये शास्त्रवाचनाला मला उभं करायचे, कारण माझा आवाज मागच्या बाकापर्यंत स्वच्छ जाई. दवाखान्यात डॉक्टर नव्या लोकांना सांगत, “एस्तरबाईंनी प्रश्न विचारला की माणूस बोलतोच.” हे वाक्य मी किती वेळा मनात घोळवलं असेल, सांगता येत नाही.

महिन्यातून दोनदा आमचं शिबिर मिरजगावला असे. तिथे मला भागूबाई भेटल्या.

मिरजगावजवळच्या एका वाडीत त्यांची पिठाची गिरणी होती. नवऱ्याची पाठ गेल्यापासून त्याच चालवत. वय पन्नाशीचं, अंगाने काटक, भुवयांच्या केसांत कायम पीठ. पंचवीस वर्षं पिठात बसल्यावर दमा होणारच होता. पहिल्या दिवशी त्यांचे गुण आले आठ. डॉक्टरांनी औषधं दिली आणि स्पष्ट सांगितलं, “गिरणीत बसणं बंद करा, नाहीतर माझ्या औषधाचा उपयोग नाही.” बाहेर आल्यावर त्या माझ्याजवळ रडल्या. मी त्यांना शेजारी बसवून घेतलं, पंप कसा ओढायचा ते चार वेळा करून दाखवलं, मुलाला गिरणीत बसवायला सांगितलं. त्या म्हणाल्या, “बाई, तुमी सांगितलं म्हंजी मी करनार.”

आणि त्यांनी केलं. निदान मला तसं वाटलं. चौदा, मग अठरा, मग एकवीस. दर वेळी त्या सांगत, “पोरगं बसतं गिरनीत. मी नुसती उंबऱ्यापस्तोर जाते.” मी डॉक्टरांना सांगितलं, डॉक्टरांनी शिबिरात सगळ्यांसमोर सांगितलं, “भागूबाईंसारखं करा.” भागूबाई पदर तोंडावर घेऊन हसल्या. त्या माझ्या होत्या. दवाखान्यात ‘तुमच्या भागूबाई आल्यात’ असंच म्हणत.

मग तो टॅब आला, आणि त्याच्याबरोबर प्राजक्ता.

पुण्याच्या एका संस्थेला पाहायचं होतं की हेच पाच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने विचारले तर उत्तरं तीच येतात का. एक तऱ्हा माझी, समोर बसून वाचून विचारायची. दुसरी, कागद हातात द्यायचा आणि पेशंटने स्वतः भरायचा. तिसरी टॅबची. त्यात प्रश्न एका बाईच्या आवाजात ऐकू येत आणि हसऱ्यापासून रडक्यापर्यंत पाच चेहरे दिसत, त्यातल्या एकावर बोट ठेवायचं. काहींना घरी फोनही करायचा. प्रत्येक पेशंटला एकाच दिवशी दोन तऱ्हांनी विचारायचं, मध्ये अर्धा तास चहाला सोडायचं. आधी कोणती तऱ्हा, हे स्टीलच्या डब्यातली चिठ्ठी ठरवे. आणि एक कडक नियम होता. दोन बेरजांत तीनपेक्षा जास्त फरक आला, तर पेशंट घरी जायच्या आत डॉक्टरांनी स्वतः बोलायचं.

प्राजक्ता चोवीस-पंचवीसची, विज्ञान शिकलेली, मिरजगावचीच. कामाला वाघ. पण बोलायला कमी, पेशंटला ‘आपण इथे बसावं’ म्हणणारी. मला पहिल्या दिवशी बरं वाटलं, म्हटलं, हिच्याकडून काय होणार आहे. तिने खोलीच्या कोपऱ्यात हिरवा पडदा लावला, मागे खुर्ची ठेवली, टॅब आणि कानाला लावायचे हेडफोन ठेवले. पेशंट आत जाई, पाच मिनिटांनी बाहेर येई. प्राजक्ता बाहेर पाठ करून बसे.

पहिल्या आठवड्यात एक म्हातारी पडद्यामागून बाहेर आली आणि मला म्हणाली, “ती आतली बाई लई गोड बोलती. घाई न्हाई करत.”

मी म्हटलं, “ते रेकॉर्डिंग आहे, आजी.”

“असंना. पर घाई न्हाई करत.”

त्या दिवशी घरी गेल्यावर मी नवऱ्याला विचारलं, मी घाई करते का. तो म्हणाला, कशात. मी म्हटलं, जाऊ दे.

आता कबूल करते, मी टॅबच्या चुका गोळा करू लागले. त्या सापडतही होत्या. जाड चष्म्याच्या एका आजोबांना पाचही चेहरे सारखेच दिसले, त्यांनी मधला बरा म्हणून सगळीकडे मधलाच दाबला. एकीने हेडफोन उलटे घातले आणि ऐकू येत नाही हे सांगायचा संकोच वाटला म्हणून अंदाजाने बोटं ठेवली. मी लगेच डॉक्टरांना सांगायला जाई. कागदाचेही घोळ होते, पण ते मला गोड वाटत. एका निवृत्त गुरुजींनी लाल पेनाने आमच्या प्रश्नावलीतल्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या, प्रत्येक प्रश्नाखाली ‘यांपैकी नाही’ असा पर्याय स्वतः जोडला आणि त्यावर खूण केली. गुण किती धरायचे ते पुण्यालाही कळेना. फोनवर तर सुना बोलत. एकीने सांगितलं, “आत्या एकदम बऱ्या आहेत,” आणि मागून आत्यांच्या खोकल्याची उबळ मला स्पष्ट ऐकू येत होती. या गमती मी रंगवून सांगे. टॅबच्या मात्र तक्रारी सांगे.

पण एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. बेरजा मीच गुणांच्या वहीत उतरवत असे, त्यामुळे मला दिसत होतं. टॅबवर माणसं कमी गुणांची निघत होती. माझ्याकडे वीस तर टॅबवर सतरा. माझ्याकडे बावीस तर तिकडे एकोणीस. नियमात बसणारा फरक, पण एकाच बाजूचा. मी स्वतःची समजूत घातली की यंत्रापुढे माणूस घाबरतो.

हेव्याची एक खोड असते, तो समोरच्याच्या चांगल्या गोष्टीवर जास्त जळतो. प्राजक्ताने एकदा मला विचारलं, “मॅडम, ते बाजाराच्या वारांचं मला शिकवाल का? फोनवर मला नीट सांगता येत नाही.” मी म्हटलं, “अनुभवानं येतं ते.” ती बरं म्हणाली आणि आपल्या जागेवर गेली. दोन मिनिटांचं काम होतं.

मग तो मिरजगावचा दिवस. भागूबाई आल्या. चिठ्ठीत टॅब आधी निघाला. मी म्हटलं, “जा, तिथे दोन बोटं ठेवून या, मग आपण निवांत बोलू.” त्या पडद्यामागे गेल्या. बराच वेळ आत होत्या. बाहेर आल्या तेव्हा डोळे पदराने पुसत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, उजेड लागला डोळ्याला. चहा झाला, मग त्या माझ्याजवळ आल्या. मी पाच प्रश्न विचारले. एकवीस.

प्राजक्ता टॅबचा आकडा घेऊन आली. तो होता नऊ.

“मॅडम, बाराचा फरक आहे. डॉक्टरांना दाखवायला लागेल.”

मी टॅबकडे पाहिलं. रात्री जाग येण्याच्या प्रश्नावर रडका चेहरा. पंपाच्या प्रश्नावर रडका चेहरा. माझ्या भागूबाई, ज्यांचं नाव डॉक्टर शिबिरात घेतात. मला त्या क्षणी त्यांच्या छातीचा विचार आला नाही. मला एवढंच दिसलं की ही पोरगी आता हा आकडा घेऊन डॉक्टरांकडे जाणार.

मी म्हटलं, “त्यांना वाचता येत नाही. चेहरे उलटे समजल्या असतील, रडका म्हणजे आधी रडत होते असं. थांब, मी परत विचारते.”

मी भागूबाईंना परत बोलावलं. परत विचारलं. परत एकवीस. मला विजय झाल्यासारखं वाटलं.

“बघ,” मी प्राजक्ताला म्हटलं.

ती म्हणाली, “पण नियम आहे ना मॅडम.”

“मी यांना दोन वर्षं ओळखते. तू किती दिवस ओळखतेस?”

ती टॅब घेऊन पडद्याकडे वळली. बाहेर पन्नास माणसं होती, डॉक्टरांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मी वहीतल्या शेऱ्याच्या रकान्यात माझ्या अक्षरात लिहिलं, ‘रुग्णास टॅब समजला नाही. प्रत्यक्ष मुलाखतीचे गुण ग्राह्य.’ भागूबाई डॉक्टरांकडे गेल्या, डॉक्टरांनी एकवीस पाहिले, त्याच गोळ्या, तोच पंप लिहून दिला आणि त्या गेल्या.

अकराव्या दिवशी दुपारी बारा-साडेबाराला नगरच्या दवाखान्याच्या दारात एक टेम्पो थांबला. मागे गोण्यांवर भागूबाईंना टेकवून बसवलं होतं, त्यांच्या पुतण्याने मागून धरलं होतं. ओठ निळे. त्या बोलत नव्हत्या, एकेक श्वासासाठी खांदे वर जात होते. साडीवर, हातांवर, पापण्यांवर पीठ होतं. चालू गिरणीतून उचलून आणल्या होत्या. उंबऱ्यापर्यंत जाणाऱ्या बाईच्या पापण्यांवर पीठ नसतं. मी स्ट्रेचर धरायला धावले तेव्हा माझ्या बोटांना ते पीठ लागलं.

वाफेचं औषध, सलाईन, ऑक्सिजन. तासाभराने डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, “वाचतील. अजून अर्धा तास उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.” मग त्यांनी वही मागितली. ते, मी आणि प्राजक्ता त्यांच्या खोलीत उभे होतो. त्यांनी पान काढलं. एकवीस. नऊ. शेरा.

“हा शेरा कुणाचा?”

अक्षर माझं आहे हे त्यांना दिसत होतं. तरी त्यांनी विचारलं. तेवढ्यात प्राजक्ता म्हणाली, “सर, त्या दिवशी खूप गर्दी होती. आम्ही दोघींनी मिळून ठरवलं.”

मी तिच्याकडे पाहिलं. ती खाली बघत होती. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचे कान लाल होतात, तसे तिचे झाले होते. खरं सांगते, तिच्या टॅबने मला जेवढं जाळलं नव्हतं तेवढं तिच्या त्या एका वाक्याने जाळलं. तिने मला वाचवावं, हे मला सहन झालं नाही. माझा कबुलीजबाब त्यातूनच आला. लोक नंतर म्हणाले, एस्तरबाई सरळ मनाच्या. तसं नव्हतं ते.

“शेरा माझा आहे,” मी म्हटलं. “ती तुमच्याकडे येत होती. मी येऊ दिलं नाही.”

डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, “भागूबाई शुद्धीवर आल्या की तुम्ही जाऊन बसा त्यांच्याजवळ.”

चौथ्या दिवशी त्यांच्या नाकातली ऑक्सिजनची नळी काढली. मी स्टूल ओढून बसले. त्यांनीच माझा हात धरला.

“बाई, रागावल्या का?”

“मी कशाला रागावू? गिरणीत बसत होता ना?”

“पोरगं सहा म्हैन्यापासनं सुप्याला कंपनीत जातंय. मग गिरनी कोन चालवनार? यांची पाठ अशी.”

“मग मला का नाही सांगितलं?”

त्यांनी माझा हात सोडून पदर सारखा केला.

“तुमी येवढ्या हौसेनं इचारायच्या. आता बरं हाय ना म्हनायच्या. डाक्टरांनी माझं नाव घेतलं सगळ्यांत. मी म्हनलं, आता न्हाई कसं म्हनावं. तुमास्नी वाईट वाटलं असतं.”

“आणि टॅबला सांगितलंत.”

“त्याला काय वाईट वाटतंय, बाई. त्यानं इचारलं, मी सांगितलं. कुनी बघत नव्हतं. सांगताना रडायबी आलं. मला वाटलं, ते डाक्टरांना कळंल आपसूक. मला तोंडानं सांगाया नको.”

म्हणजे त्यांनी मदत मागितली होती. त्यांना जमेल त्या एकाच वाटेने मागितली होती, आणि त्या वाटेवर मी उभी होते.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं. माझं वाचन तपासण्यासाठी, पेशंटची परवानगी घेऊन, माझ्या टेबलावर एक छोटा रेकॉर्डर असे. पुण्याची अटच होती. तो मी कधी ऐकला नव्हता. माझा आवाज मला माहीत होता की. डॉक्टरांनी भागूबाईंचं त्या दिवसाचं रेकॉर्डिंग लावलं आणि स्वतः उठून बाहेर गेले.

आवाज स्वच्छ होता. मागच्या बाकापर्यंत जाणारा. “रात्री आता उठावं लागत नाही ना, भागूबाई?” “न्हाई बाई.” “कामाला काही अडचण येत नाही ना?” “न्हाई.” “निळा पंप फारसा लागत नाही ना आता?” “न्हाई, कवातरी.”

छापील प्रश्नात ‘ना’ नव्हतं. छापील प्रश्न होता, किती वेळा. मी उत्तर आधी देत होते आणि समोरचीकडून फक्त होकार घेत होते. मी दुसरं रेकॉर्डिंग लावलं, दुसऱ्या पेशंटचं. ना. तिसरं लावलं. ना. एका ठिकाणी तर माणूस बोलायला लागला होता, “तसं मधी दोनदा...” आणि मी त्याला मध्येच म्हटलं होतं, “पण आधीपेक्षा बरं ना?” तो म्हणाला, “ते हाय.” पाचपैकी चार.

वहीतल्या सगळ्या एकवीस-बाविसांकडे मी पुन्हा पाहिलं. त्यातले पेशंटचे किती आणि माझे किती, हे आता कधीच कळणार नव्हतं.

मी डॉक्टरांना म्हटलं, मला या कामावरून काढा. ते म्हणाले, “काढून काय होईल? तुमच्या जागी येणारीलाही माणसं आवडायला लागतील. तीही ‘ना’ म्हणेल. तुम्हाला निदान आता ऐकू येतं.”

मग मी प्राजक्तापुढे बसून शिकले. ती पेशंट व्हायची, मी वाचायची. ‘ना’ आलं की ती पेन्सिलीने टेबलावर टकटक करी. पहिल्या दिवशी टकटक थांबतच नव्हती. मला तिचा राग येई, आणि ती बरोबर आहे याचा जास्त राग येई. सर्वांत कठीण काय होतं, तर प्रश्न विचारून गप्प बसणं. आपण गप्प बसलो की समोरचा मागच्या चार बाजारांत हिंडून येतो. आधी मी त्याला तेवढा वेळच देत नव्हते. पडद्यामागची बाई घाई करत नाही म्हणणारी ती म्हातारी काय सांगत होती, ते मला तेव्हा समजलं.

शब्दांची वही मी तिला दिली. अगदी मनापासून दिली असं नाही. झेरॉक्स काढून मूळ स्वतःकडे ठेवली.

वर्षाने पुण्याच्या लोकांनी त्यांचा निष्कर्ष आम्हाला वाचून दाखवला. कोणतीच एक तऱ्हा जिंकली नाही, याचा मला आनंद झाला हे लपवत नाही. बहुतेकांची उत्तरं सगळीकडे जवळपास सारखीच होती. ज्यांची वेगळी होती त्यांचं कारण दर वेळी वेगळं. ज्यांना दिसत नाही त्यांना माणूस हवा. ज्यांना लाज वाटते त्यांना पडदा हवा. ज्यांच्या घरी सासू किंवा सून कान देऊन असते त्यांना फोन नको. सभेत एका तज्ज्ञाने विचारलं, वाचून विचारण्यात गुण जास्त का येतात. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, पण नाव घेतलं नाही. मी हात वर करून उभी राहिले आणि ‘ना’बद्दल सांगितलं. शास्त्रवाचनाला उभं राहण्यापेक्षा ते अवघड गेलं.

त्याच्या बरंच आधी, भागूबाई दवाखान्यातून घरी गेल्यावर पहिल्यांदा शिबिराला आल्या तेव्हा चिठ्ठीत माझं नाव आधी निघालं. मी कागद समोर धरला आणि आठवड्यांच्या जागी बाजार, एवढं सोडून जसंच्या तसं वाचलं. “गेल्या चार बाजारांत, दम्यामुळे रात्री किती वेळा जाग आली?” आणि गप्प बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे पाहत राहिले, कारण त्यांच्याकडे पाहिलं असतं तर चेहऱ्याने ‘ना’ म्हटलं असतं. बराच वेळ गेला. मग त्या म्हणाल्या, “आठवड्यातनं चार-पाच डाव.” मी एक गुण लिहिला. बेरीज झाली बारा. अर्ध्या तासाने टॅबवर आले अकरा. प्राजक्ताने दोन्ही आकडे शेजारीशेजारी ठेवले. डॉक्टरांनी औषध बदललं, आणि गिरणीच्या पिठाला झाकण आणि धूळ ओढणारा पंखा बसवायचं काय करता येईल ते मुलाला बोलावून समजावलं.

मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. जागा प्राजक्ताला मिळाली, टेबल आणि टॅब दोन्ही तिच्याकडे. परवा दुपारी तिचा फोन आला. भंडारदऱ्याकडच्या एका आजोबांना ‘ताब्यात आहे’ कसं समजवावं, त्यांना तो शब्द पोलिसांचा वाटतोय. मी म्हटलं, “बैल आवरतो का विचार. त्यांना लगेच कळेल.” ती हसली, मागे वळून तिने आजोबांना तसं विचारलं, आणि मला आजोबांचं लांबलचक उत्तर फोनवर ऐकू आलं. तिने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही.

मग मी विचारलं, “भागूबाई कशा आहेत?”

“एकोणीस आहेत मॅडम. वीस नाहीत अजून. गिरणी आता त्यांच्या पुतण्यानं घेतली. मागच्या वेळी तासभर बसून सगळं सांगत होत्या.”

“टॅबवर?”

“नाही,” ती म्हणाली. “मला.”

मी चांगलं आहे म्हटलं आणि फोन ठेवला. भागूबाई बऱ्या आहेत याचा मला खरोखर आनंद झाला. पण आधी काय वाटलं असं कुणी विचारलं आणि गप्प राहून वाट पाहिली, तर मला खरं सांगावं लागेल. आधी हेवा वाटला. आनंद त्याच्यामागून आला.